मदत हवी आहे: टाटा ४०७ टेम्पो चालू होईना, डिझेल पोचत नाहीये, पहाटे माल न्यायचाय

दिवेघाट_४०७ (सायं. ६:१०)
गाडी कालपासून चालू होत नाही. सेल्फ दणदणीत फिरतोय, बॅटरी दोन महिन्यांपूर्वीची आहे, त्यामुळे बॅटरी बघा असं कृपया कुणी सांगू नका. डिझेल आहे. फिल्टर बदलून झाला. मेकॅनिक म्हणतो मुख्य पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला देऊ, चार दिवस लागतील. सीताफळं चार दिवस थांबणार आहेत का? पहाटे मार्केट यार्डला पोचायचंय. पंप न उतरवता काही करता येईल का? लवकर सांगा.

नाना_पेठी (६:१८)
डिझेल पोचत नाही हे ठरवलं कशावरून? मॉडेल कधीचं, पंप इनलाइन (नळ्या एका ओळीत) की रोटरी (नळ्या गोलात), सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, पांढरा की काळा? अजिबातच चालू होत नाही की होऊन बंद पडते? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणण्यातली गत.

आळंदी_रोड (६:२१)
बॅटरी एकदा बघाच. नवीनसुद्धा खराब निघते.

दिवेघाट_४०७ (६:२९)
हात जोडले.
२०१२ ची गाडी. चार नळ्या एका रांगेत आहेत म्हणजे इनलाइनच ना? धूर नाही. काल सासवडहून येताना घाट उतरला आणि वडकीत बंद पडली. माल दुसऱ्या पिकअपमध्ये टाकून पाठवला. गाडी मेव्हण्याच्या शेडमध्ये आहे. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हातपंप मारला की चालू होते, दहा मिनिटं नीट चालते, मग गुदमरल्यासारखी होऊन बंद.

निवृत्त_फिटर (६:३७)
हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायचं होतं, भाऊ. "चालू होत नाही" आणि "हातपंप मारल्यावर दहा मिनिटं चालते" हे दोन वेगळे आजार आहेत. पंप खराब असता तर दहा मिनिटंही नीट चालली नसती. पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, धूरच नाही तर जातच नाही. तुमच्या गाडीने हवा घेतलीय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच. तरीही होईना तर नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या) नळ्यांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की एकेक आवळत या. तोंड आणि हात लांब ठेवा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये दम खाऊ द्या.

फुल्ल_टू_भोसरी (६:४४)
एवढा उपद्व्याप कशाला? एअर क्लीनर काढा, पेट्रोलचा बोळा धरा, सेल्फ मारा. नाहीतर टोचन लावून ओढा. आमच्याकडे सगळे असंच करतात.

निवृत्त_फिटर (६:४९)
आणि मग आमच्याकडे पिस्टनच्या रिंगा बदलायला येतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर इंधन पेटतं. पेट्रोल भलत्या वेळी पेटून पिस्टनवर हातोडा मारतं. शिवाय याचा त्रास इंजिन पेटण्याचा नाहीच, इंधन न मिळण्याचा आहे. बोळ्याने टाकीतून डिझेल ओढलं जाणार आहे का?

फुल्ल_टू_भोसरी (६:५२)
काका, वीस वर्षं गाड्या चालवतोय.

निवृत्त_फिटर (६:५३)
चालवताय. उघडताय का?

चाकण_कनेक्ट (७:०५)
२०१२ ची म्हणजे तशीही लवकरच पंधरा वर्षं होणार. हा खर्च करण्यापेक्षा स्क्रॅपला देऊन इलेक्ट्रिक टेम्पो बघा. प्रति किलोमीटर हिशेब करून देऊ का?

दिवेघाट_४०७ (७:०६)
नको.

निगडीची_प्राची (७:२०)
आमच्या चार गाड्या आहेत, त्यातल्या दोन बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या). वर लिहिलेलं नळ्या ढिल्या करणं कॉमन रेलवाल्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर कुणीही करू नका. तिथे प्रेशर दीड हजार बारच्या वर जातं, कातडीत डिझेल घुसून हात कायमचा जायचा. दादांची गाडी ती नाही हे माहीत आहे, पण धागा वाचणारे बाकीचेही असतात.

आता दादांसाठी. हवा काढून काढून थकाल, ती येते कुठून ते शोधा. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट असली तरी बाहेर थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते. डबा लावून बघा. स्वच्छ कॅन घ्या, टाकीपेक्षा उंच ठेवा, पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडा, रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारी नळी) त्याच कॅनमध्ये सोडा. अर्धा तास चालली तर पंप आणि नोझल निर्दोष, चोर टाकीच्या बाजूला.

नाना_पेठी (७:२६)
डबा हा बरोबर सल्ला. पण त्याआधी: फिल्टर बदलताना तांब्याचे वॉशर नवे टाकले की जुनेच? आणि टाकीत डिझेल आहे हे काट्यावरून म्हणताय का? काठी घालून बघा. या गाड्यांच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

दिवेघाट_४०७ (७:३१)
वॉशर जुनेच. चांगले दिसत होते. काठीची गरज नाही, परवाच टाकी फुल केलीय, गळ्यापर्यंत.

आळंदी_रोड (७:३५)
फुल टाकी पावसाळ्यात चांगली, आत पाणी सुटत नाही. बाय द वे, सीताफळाचा भाव काय चाललाय?

नाना_पेठी (७:३६)
जुने वॉशर दबलेले असतात, दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. आमच्या इथे दहा पावलांवर मिळतात. आणि तरीही काठी घाला.

दिवेघाट_४०७ (८:५५)
मेव्हण्याने फवारणीच्या पंपाची नळी आणि पाच लिटरचा कॅन दिला (धुऊन, वाळवून घेतला). कॅनवर पस्तीस मिनिटं झाली, एकदाही अडखळली नाही. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणतो पंप तरी उतरवूच.

निगडीची_प्राची (८:५८)
पंप उतरवायचा नाही. टाकीतली जाळी, रबरी नळीचे क्लिप, टाकीचं झाकण, या क्रमाने बघा.

निवृत्त_फिटर (९:०२)
झाकण आधी. बाकीच्यासाठी आडवं व्हावं लागतं, झाकण उभ्याने उघडतं.

दिवेघाट_४०७ (९:२०)
नळी परत टाकीला लावून दहा मिनिटं चालवली, बंद पडली. तशीच ठेवून झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. एवढा मोठा आवाज की मेव्हणा मागे सरला.

झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी आहे. मागच्या आठवड्यात झाकणाचं रबर गेलं, पाऊस आत जाऊ नये म्हणून मीच दुधाच्या पिशवीचा तुकडा दुमडून घट्ट बसवला. ते लिहायचं असतं हे मला कसं कळणार?

नाना_पेठी (९:२४)
टाकीच्या झाकणाला श्वास असतो, साहेब. डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. तुम्ही तोंडच बांधलंत. त्यात टाकी गळ्यापर्यंत भरलेली, वर मोकळी जागा नाहीच, मग थोडंसं डिझेल जाईस्तोवर निर्वात तयार. अर्धी टाकी असती तर यार्डापर्यंत पोचलाही असतात आणि आजार कळला नसता.

निवृत्त_फिटर (९:२९)
रात्री उभी राहिल्यावर चालू का होत नव्हती तेही यातच आलं. टाकी डिझेल मागे खेचते आणि दबलेल्या वॉशरमधून लाइनमध्ये हवा शिरते. म्हणजे पिशवी मूळ आणि वॉशर तिचा साथीदार. आज पिशवी काढून, हवा काढून जा, उद्या वॉशर बदला.

फुल्ल_टू_भोसरी (९:३१)
बोळा धरला असता तर एव्हाना यार्डात असता.

दिवेघाट_४०७ (१०:१५)
पिशवी काढली, हवा काढली. पाऊण तास चालू आहे, झाकणावर रबर नाही म्हणून वर उलटी बादली बांधलीय. दोन वाजता क्रेट भरायला निघतो. प्राचीताई, कॅनसाठी आभार. नाना पेठवाले दादा, काठी घालायची राहिलीच, पण तुमच्यामुळे वॉशरचं कळलं. दुकान किती वाजता उघडतं?

नाना_पेठी (१०:१८)
दहाच्या आत येऊ नका. आणि जुना वॉशर मापाला बरोबर आणा, "४०७ चा द्या" म्हणालात तर तो तुम्हाला चार प्रकारचे दाखवेल.

आळंदी_रोड (१०:२०)
भाव सांगितला नाही अजून.