क्लायंटच्या केसांचे फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी कसं विचारता? (बेळगाव)

शहापूरची_पार्लरवाली:
नमस्कार सगळ्यांना. शहापूरला माझं लहान लेडीज पार्लर आहे, मी आणि मदतीला एक मुलगी. कट, ग्लोबल कलर (सगळ्या केसांना एकच रंग), हायलाईट्स, स्मूथनिंग आणि लग्नसराईत ब्रायडल. आता नवीन बायका इन्स्टा बघूनच येतात, बिफोर-आफ्टर नसेल तर आपलं काम त्यांना दिसणार कसं, म्हणून फोटो तर पाहिजेतच. पण विचारायचं कधी यावर आमचं दोघींचं जमत नाही. ती म्हणते ब्लो ड्राय झाला की बाई खुशीत असते, तेव्हाच मोबाईल काढून अक्का एक फोटो घेऊ काय म्हटलं की कोणच नाही म्हणत नाही. मला तेच तर पटत नाही की ओ! समोर मोबाईल धरल्यावर माणूस संकोचानं हो म्हणतं, आणि फोटो घेऊ काय म्हणजे इन्स्टावर टाकू काय असं होत नाही. त्यात वडगाव, अनगोळ, खासबाग सगळीकडे ओळखी, नुसत्या कानातल्यावरून ही अमक्यांची सून म्हणून ओळखतात. कागदावर सही मागितली तर बायका बिचकतात. मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या येतात माझ्याकडे. तुम्ही कसं करता ते सविस्तर सांगा.

निपाणी_हेअर:
तुमचं बरोबर आहे, खुर्चीतून उठताना विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. आम्ही कलरच्या आधी पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेवर लावून बघणं) आणि अ‍ॅलर्जी कार्डावर लिहून घेतो ना, त्याच वेळी विचारतो, तेव्हा बाई निवांत असते. आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. एक, रेकॉर्डसाठी फोटो चालेल काय, म्हणजे पुढच्या टच-अपला शेड नंबर आणि डेव्हलपर (रंगात मिसळायचं क्रीम) किती होता त्याबरोबर रिझल्ट बघता येतो. दुसरं, इन्स्टाला चालेल काय, आणि चालत असेल तर चेहरा दाखवून की फक्त मागून केस. बऱ्याच जणी मागून चालेल म्हणतात, आणि खरं सांगू, बालायाज (हातानं लावलेले, खाली फिकट होत जाणारे हायलाईट्स) मागूनच छान दिसतो. मागून घेतानाही मान, टॅटू, मंगळसूत्र बघा, केप गळ्यापर्यंत ओढून घ्या. सगळ्यात जास्त घोटाळा आरशात होतो, शेजारच्या खुर्चीवर डोक्याला फॉईल लावून बसलेली बाई रीलमध्ये येते आणि तिला कोणी विचारलेलंच नसतं. फोटो पार्लरच्याच मोबाईलवर काढायचे, मदतनीसांच्या स्वतःच्या मोबाईलवर अजिबात नाही, मुलगी काम सोडून गेली की फोटो पण गेले तिच्याबरोबर.

खानापूरची_टीचर:
मी क्लायंट म्हणून लिहितेय. शहरातल्या एका पार्लरमध्ये केराटिन (केस मऊ-सरळ करायची ट्रीटमेंट) केलं, आफ्टरचा फोटो मला विचारून घेतला आणि मी हो म्हटलं. पण त्यांनी त्याच्या शेजारी बिफोर पण टाकला, ओले चिकटलेले केस, पुढून विरळ झालेला भांग स्पष्ट दिसतोय, आणि चेहरा पूर्ण. आमच्या शाळेतल्या पालकांनी बघितलं. फोन केल्यावर त्यांनी काढला, पण तोवर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला पण गेला होता आणि कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला होता, तो कोण काढणार? केस गळणं हे बाईला किती लागतं ते पार्लरवाल्यांना तरी सांगायला नको होतं. म्हणून बिफोरसाठी वेगळं विचारा आणि पोस्ट करायच्या आधी तो फोटो तिला दाखवा, एवढी कळकळीची विनंती.

कोर्टाजवळचा:
टीचर म्हणतायत ते कायद्याला पण धरून आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, व्यवसायांवरच्या मुख्य अटी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतायत. ओळखू येणाऱ्या माणसाचा डिजिटल फोटो हा वैयक्तिक डेटाच. संमती मोकळेपणानं दिलेली, कशासाठी ते सांगून घेतलेली आणि बिनशर्त पाहिजे, गप्प बसली म्हणजे हो असं चालत नाही. दिलेली संमती परत घेणं पण देण्याइतकंच सोपं पाहिजे, म्हणजे तोंडी हो घेतलं आणि काढताना अर्ज आणा म्हटलं असं नको. फोटो दिला तर कलरवर डिस्काउंट असली ऑफर टाळा, पैशासाठी हो म्हणणारी बाई मोकळेपणानं हो म्हणत नाही. 18 वर्षांखालच्या मुलीसाठी आई-वडिलांची संमती लागते, मुलगी स्वतः कितीही हो म्हणू दे. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं, माहितीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची आहे, त्यात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही आल्या.

कॅम्प_ब्रायडल:
माझ्याकडे बुरखा, हिजाब घालणाऱ्या खूप येतात, लेडीज ओन्ली आहे म्हणूनच येतात. त्यांना मी इन्स्टाचं विचारतच नाही, त्या स्वतः म्हणाल्या तरच. दारात आल्यावर मोबाईल सगळ्यांनी पर्समध्ये ठेवा असं सांगते, कारण दुसरी क्लायंट सेल्फी काढते आणि मागे ही केस मोकळे सोडून बसलेली असते. नवरीचं पण सांगते, तिचा लूक लग्नाच्या आधी बाहेर पडला तर घरचे किती नाराज होतात, त्यामुळे खोपा, आंबाडा, मेकअप काहीही असो, कुठल्या तारखेनंतर टाकू ते ट्रायललाच ठरवते.

शहापूरची_पार्लरवाली:
फार उपयोग झाला, बिफोरचं वेगळं विचारायचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कार्डाच्या मागच्या बाजूला छापून घेते मग, रेकॉर्डसाठी, मागून केस, चेहऱ्यासह, बिफोरसह असे वेगवेगळे चौकोन आणि खाली काढायला सांगायचं असेल तर याच नंबरवर एक मेसेज पुरे असं. मराठी मी लिहीन, उर्दूवाल्यांना हिंदीत वाचून दाखवीन, कन्नड मजकूर कोण तपासून देईल काय?

चिकोडी_अक्का:
इथेच टाका, रात्री बघून देते. आणि पहिला चौकोन फोटो नको हाच ठेवा, तो सगळ्यात खाली गेला की बायकांना वाटतं आपण काहीतरी अडवून धरतोय.