कुलकर्णी कट्टा : जुई शिकायला स्पेनमधल्या सालामांकात पोचली

रविवार

आई: जुई, उठलीस का? काल रात्री नुसतं 'पोचले' एवढंच लिहिलंस. खोलीचा फोटो टाक.

आजी: किती वाजले तिकडे

काका: आई, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. इथे दीड, तिथे दहा.

आजी: दहा वाजेपर्यंत झोपलीय

जुई: उठलेय गं आजी! माद्रिदहून बसने अडीच तास. वाटेत सगळं सपाट, वाळकं पिवळं गवत, मध्येच एखादा बैल. आणि मग एकदम सोनेरी गाव. खरंच सोनेरी. विल्यामायोर म्हणून जवळच गाव आहे, तिथला दगड. संध्याकाळच्या उन्हात सगळ्या इमारती गुळाच्या ढेपेसारख्या दिसतात.

आई: खाल्लंस काय?

जुई: तेच सांगतेय. रविवारी सगळी दुकानं बंद. सुपरमार्केटचंही शटर खाली. त्यामुळे धपाटे आणि तिळाची चटणी.

आजी: तुपाबरोबर खा. बरणी बॅगेत डाव्या बाजूला टॉवेलात गुंडाळलीय

बाबा: …

आत्या: दादा, टिंबं काय टाकतोस?

बाबा: आई, तूप इथेच आहे. युरोपात बाहेरून दूधदुभतं न्यायला मनाई आहे. निघताना मी काढून ठेवलं.

आजी: आणि मला सांगितलं नाहीस

बाबा: आठेक दिवसांनी सांगणार होतो.

आत्या: म्हणजे बरणी संपल्यावर 😂

जुई: बाकी इथे रात्री साडेआठला सूर्य मावळतो. जेवायला लोक साडेनऊला बाहेर पडतात, लहान पोरांना घेऊन!

काका: ते घड्याळामुळे. स्पेनचा बहुतेक भाग लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण १९४० पासून घड्याळ बर्लिनचं लावलंय. त्यांचा दीड म्हणजे सूर्याचा बाराच्याही आतला.

आजी: मग दुपारी झोपतात ते बरं करतात

सोमवार

जुई: इमर्जन्सी! कुकर चालत नाहीये. काचेची शेगडी आहे, कुकर ठेवला की टुंई टुंई करते आणि आकडा लुकलुकतो.

आत्या: इंडक्शन आहे ती. वहिनी, ॲल्युमिनियमचा दिलास का?

आई: हलका म्हणून दिला हो. बॅग २३ किलोच्या वर जात होती.

आत्या: जुई, फ्रिजवर चुंबक आहे का एखादं? कुकरच्या बुडाला लावून बघ.

जुई: घसरून पडलं.

आत्या: झालं. आता त्यात पोहे भरून ठेव.

बाबा: मी म्हटलं होतं स्टीलचा घ्या.

आई: तुम्ही म्हटलं होतं की कुकरच नको, हॉटेलात जेवेल.

जुई: भांडू नका. इथे शिजवलेले काबुली चणे काचेच्या बरणीत मिळतात, गार्बान्सोस. पाणी काढलं, कांदा परतला, गोडा मसाला, उसळ तयार. फ्लॅटमधल्या दोघी वास घेत बाहेर आल्या. एक इटालियन, एक इथलीच, सामोराची. सामोरावालीने पावाने पातेलं पुसून खाल्लं.

आजी: गुणाची आहे

मंगळवार

काका: बेडूक सापडला का?

आई: कसला बेडूक?

काका: विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक आहे. ज्याला आपणहून दिसतो तो विद्यार्थी पास होतो म्हणतात. विद्यापीठ १२१८ चं आहे, ज्ञानेश्वरीच्याही आधीचं.

जुई: वीस मिनिटं मान वर करून उभी होते काका. तेवढ्यात एका गाइडने काठीने सगळ्या टोळक्याला दाखवला. दाखवलेला धरत नाहीत 😭 कॅथेड्रलच्या दारावरचा अंतराळवीर मात्र माझा मला दिसला.

बाबा: अंतराळवीर? जुन्या चर्चवर?

जुई: १९९२ च्या दुरुस्तीत कोरलाय. पायात बूट, पाठीवर नळ्या, सगळं आहे.

आई: कॉलेजचं सांग ना.

जुई: सर हजेरी घेताना 'हुई' म्हणाले. मी गप्प. परत 'हुई'. मग कळलं, मीच! इंग्रजी जे ला इथे ह म्हणतात. पुण्याच्या क्लासमध्ये हे शिकले होते गं, पण स्वतःच्या नावाला लावून कधी बघितलंच नव्हतं. आणि सरांना चक्क 'तू' म्हणायचं. त्यांचंही तू म्हणजे आपलंच तू. माझ्या तोंडून सारखं 'उस्तेद' जातं, म्हणजे आपण, तर सर म्हणाले मी काय म्हातारा आहे का.

काका: शब्दांचं गंमतीचं आहे. पैसे देणं म्हणजे 'पागार', आपला पगार पोर्तुगिजांकडून आला तोच. चावी, साबण, बटाटा, सगळी त्याच घरची नातलग मंडळी.

जुई: हो! काउंटरवरची मुलगी म्हणाली कार्डाने 'पागार' करणार का, मला वाटलं नोकरी देतेय.

आत्या: बाहेर काही शाकाहारी मिळतं का पण?

जुई: 'मांसाशिवाय' म्हणून सॅलड मागवलं, वर ट्यूना. वेटर म्हणतो, मांस कुठंय, मासा आहे. तेव्हापासून तोर्तियावर आहे. बटाट्याचा जाड केक असतो, फार छान.

आत्या: त्यात अंडं असतं ना?

जुई: …

आजी: हिला पण टिंबं यायला लागली

जुई: आजी सॉरी. थोडंसंच असतं.

आत्या: थोडंसं? अर्धा डझन असतात.

आजी: असू दे. उपाशी राहू नको

जुई: बरं, एक विचारायचं होतं. स्पेलिंग वाय लावून लिहू का? मग बरोबर म्हणतील निदान.

बाबा: अडचण येत असेल तर लिही की.

आजी: नाव बदलायचं नाही

जुई: बदलत नाहीये गं, फक्त अक्षर.

आजी: त्यांना शिकव म्हणायला. तू तिकडचं सगळं शिकतेस ना. त्यांना एक अक्षर येऊ दे

बुधवार

आई: ते बोटांचे ठसे देऊन मिळणाऱ्या रहिवासी कार्डाचं झालं का? महिन्याच्या आत अर्ज करायचा ना?

जुई: साइटवर तारीखच मिळत नाहीये, रोज सकाळी बघते. त्याआधी पत्त्याची नोंद करायचीय, घरमालक म्हणतो करार उद्या देतो. तीन दिवस उद्याच चाललाय. पण आज वेगळीच मजा झाली.

जुई: अर्जात पहिलं आडनाव, दुसरं आडनाव अशा दोन चौकटी. पहिल्यात कुलकर्णी. दुसऱ्यात बाबांचं नाव लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, हे आडनाव नाही, आईचं आडनाव काय? म्हटलं कुलकर्णी. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, आईवडील चुलत भावंडं का?

आत्या: 🤣🤣🤣

बाबा: पुरे.

काका: तिकडे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. मुलांना वडिलांचं एक, आईचं एक. १९९९ च्या कायद्यापासून आईचं आधी लावायचीही मुभा आहे.

आई: मग आपटे लिहायचंस.

जुई: पासपोर्टवर नाही ना, म्हणून त्यांनी रेघ मारायला सांगितली. पण खाली टपालपेटीवर नावाची चिठ्ठी लावायची होती. तिथे लिहिलं, जुई कुलकर्णी आपटे. फोटो टाकते.

बाबा: आपटे एवढं मोठं का काढलंय?

आई: छान दिसतंय.

आजी: माझं काय आलं असतं

आत्या: तुझं लिमये ना, आई.

आजी: लिमये. नाव पण

काका: नाव पण म्हणजे?

आजी: सुमती इथलं. ह्यांनी तांदळात लिहिलं. आधी मी कुसुम

काका: दादा, तुला माहीत होतं?

बाबा: नाही.

आत्या: मलाही नाही. आई, कधी बोलली नाहीस!

आजी: कोणी विचारलं नाही

जुई: आजी, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय?

आजी: थांब आठवते

आजी: गद्रे. रत्नागिरीकडचे

जुई: मग इथल्या रीतीने तू कुसुम लिमये गद्रे. उद्या वर्गात सांगते, कुसुम ते बरोबर म्हणतील.

आई: सासूबाई, मी फोनमध्ये तसंच सेव्ह करू का?

आजी: करा. जुई उसळीत गूळ घातला होतास का