कोपरखळी आणि टोमणा (सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

ए-३०२ वहिनी: काल गणपतीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "मावशींनी छान कोपरखळी मारली." लेक विचारायलीय, टोमणाच की तो, मग नाव वेगळं कशाला?

बी-१०४ काका: टोमणा नव्हे ओ वहिनी! जरा लांबड लावतो, शब्द माझ्या फार आवडीचा आहे. कोपरखळी म्हणजे मुळात कोपरानं हळूच ढोसणं. आता कोपर पोचतं कुठवर? मांडीला मांडी लावून बसलेल्यापर्यंत. लांबच्याला मारायचं तर दगडच लागतो. म्हणून कोपरखळी आपल्या माणसालाच. काल खजिनदार उशिरा आले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आले! आता चहा सांगायला हरकत नाही." सगळ्यात मोठ्यानं हसले ते खजिनदारच. त्याच जागी कोणी भिंतीकडं बघत "काहींना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नसते" म्हटलं असतं, तर तो टोमणा. नाव न घेता मारलेला, घरी गेल्यावर सलणारा.

सी-२०१ ताई: आणि शालजोडीतला?

बी-१०४ काका: तो जोडाच, शालीत गुंडाळलेला. बोलणं मानपानाचं, लागतो मात्र सणसणीत.

सी-२०१ ताई: कोटी राहिली की काका.

बी-१०४ काका: कोटीला समोर माणूस नसला तरी चालतं, एका शब्दाचे दोन अर्थ पुरतात. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते. त्यांना 'कोट्याधीश' म्हणतात ते ह्याच कोट्यांमुळं.

बी-३०३ अण्णा: आमच्या घरी कन्नड, पण कोपरखळ्या दुकानात रोज मराठीतनं खातोय. परवा कुंदा तोलताना एक आजी म्हणाल्या, "अण्णा, बोट जरा बाजूला. वजन कुंद्याचं करा, बोटाचं नको." मी हसून चमचाभर जास्तच घातला.

बी-१०४ काका: बघा! खरोखर संशय असता तर आजी काही न बोलता पुढच्या दुकानात गेल्या असत्या. विश्वास आहे म्हणून तर बोलल्या.

ए-३०२ वहिनी: पटलं. लेक म्हणतेय, मग ग्रुपवर मारलेली चालते का?

ए-१०१ मावशी: चालते की, पण लिहिताना आपलं हसू समोरच्याला दिसत नाही गं. नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांना तर एवढ्यात नकोच. आधी घरी बोलवा, चार गप्पा होऊ देत.