४ जुलैला नेमकं झालं काय?

शेवंती_६१:
लेकीकडे न्यू जर्सीला आले आहे. जावई नागरिकत्वाच्या परीक्षेला बसताहेत आणि त्यांची उजळणी घेण्याचं काम माझ्याकडे. "स्वातंत्र्याचा जाहीरनामा कधी स्वीकारला?" "४ जुलै १७७६." झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण काल नातवाने (वय ९, महाशंकेखोर) मध्येच तोंड घातलं, "आजी, मतदान तर २ तारखेला झालं होतं!" जावई गप्प, मीही गप्प. मग ४ तारखेला सह्या झाल्या का? दोन डॉलरच्या नोटेवर मागे तोच सह्यांचा सोहळा आहे ना? कुणीतरी सांगा हो, मुलगा पिच्छा सोडत नाही.

जुनी_पानं:
काकू, नातवाचं बरोबर आहे आणि जावयांचंही. ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत २ जुलैलाच मंजूर झाला. बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ, कारण त्यांच्या प्रतिनिधींना घरून परवानगीच आली नव्हती! जाहीरनाम्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला होता, मग त्यावर कात्री चालली. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा अख्खा परिच्छेद उडवला. (लिहिणारा स्वतः गुलाम बाळगून होता, ते वेगळंच.) ४ तारखेला पक्का मजकूर स्वीकारला आणि छापील प्रतींवर तीच तारीख पडली. सह्या एकूण ५६, त्यातल्या बहुतेक २ ऑगस्टला.

त्याच सभेतल्या जॉन अ‍ॅडम्सने ३ जुलैला बायकोला लिहिलं होतं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा नि रोषणाईने साजरा करतील. सगळं खरं ठरलं, तारीख तेवढी हुकली.

आणि नोटेवर सह्या नाहीत. चित्रकार ट्रम्बुलच्या त्या चित्रात पाच जणांची समिती मसुदा सादर करते आहे. नीट बघा, सही करताना एकही माणूस दिसत नाही.

कोपऱ्यातला_वाचक:
याच अ‍ॅडम्सची आणखी एक गोष्ट. तो आणि जेफरसन, दोघेही ४ जुलै १८२६ रोजी गेले. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं, आणि दोघांत अंतर काही तासांचं! पाच वर्षांनी, या दोघांसारखाच माजी राष्ट्राध्यक्ष असलेला मन्रोही ४ जुलैलाच गेला. कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण नावं ठेवली असती.

जुनी_पानं:
४ जुलै १७७६च्या रात्री छापलेल्या जाहीरनाम्याच्या प्रतींचंही ऐका. पेनसिल्व्हेनियात एकाने जुन्या बाजारातून चार डॉलरला एक चित्र घेतलं, तेही फ्रेम आवडली म्हणून. मागे घडी घातलेली प्रत निघाली. १९९१च्या लिलावात तिचे २४ लाख २० हजार डॉलर आले.

शेवंती_६१:
लेकीच्या माळ्यावर दोन फ्रेमा आहेत, आजच खोलून बघते! नोट पाहिली, खरंच कुणी सही करत नाहीये. जावई म्हणाले, परीक्षेत ४ तारीखच सांगणार, वाद नको. नातवाची नवी शंका: मग न्यूयॉर्क 'हो' कधी म्हणालं?

जुनी_पानं:
९ जुलैला. त्याच संध्याकाळी मॅनहॅटनमध्ये जाहीरनामा वाचून दाखवला आणि जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून पाडला. पुतळा होता शिशाचा. वितळवून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या, ४२ हजारांवर. हे त्याला नक्की सांगा, आवडेल.