मदत हवी आहे: कमरेच्या पाऊचला पट्टा जोडताना टाके सुटतात

बाहेरून कॅनव्हास, आतून नायलॉनचं अस्तर, वर ८ इंची चेन. चेन नीट बसते. घोडं अडतं ते दोन्ही टोकांना. तिथे दीड इंची पट्टा कापडांमध्ये दाबला जातो, वर पायपिंग (कडेला शिवायची किनारपट्टी), म्हणजे थर सहा-सात. घरगुती मशीन, १६ नंबरची सुई, टाका ३ मिमी. जाड भाग लागला की फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) तिरका होतो नि टाके सुटतात, म्हणजे मधले पडतच नाहीत. फूटच्या मागे कापडाची घडी सरकवली की चढताना निभावतं. उतरताना पुढे घडी ठेवायला जागाच नसते, कड तिथेच संपते. १८ची, म्हणजे आणखी जाड सुई लावावी, की तेवढ्यापुरतं पायपिंग गाळावं? पट्टा आधी नुसत्या कॅनव्हासवर, काठापासून ५ मिमी आत, टीप मारून घेतला तर? सगळा ताण तिथेच येतो, त्यामुळे हातशिलाई सुचवू नका.