व्हीएसडी असलेलं बाळ दूध पिताना दमतं, वजन वाढत नाही – अनुभव आणि सल्ला हवा

रानजाई

नमस्कार. माझा मुलगा सात आठवड्यांचा आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे, व्हीएसडी. पहिले काही आठवडे छान पीत होता. आता पाच मिनिटं ओढतो आणि सोडून देतो. कपाळावर घाम, डोक्याखालचं दुपटं ओलं. दमून झोपतो आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठतो. जन्मवजन २.८ किलो, आता जेमतेम ३.१. लॅसिक्स (लघवी वाढवून अंगातलं जादा पाणी काढणारं औषध) चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वजन वाढू दे, मग ऑपरेशनचं बघू. गरज पडली तर नाकातून नळी घालून दूध देऊ.

घरी सगळे म्हणतात तुझं दूधच कमी आहे. कोणी गुटी उगाळून दे म्हणतं, कोणी तांदळाची पेज. नळी घातली की तोंडाने प्यायचं विसरेल अशी सासूबाईंना धास्ती आहे. आम्ही कराडजवळ राहतो. अशी बाळं ज्यांनी वाढवली आहेत त्यांनी कृपया सांगा, काय करू आणि कोणाला दाखवू?

कृष्णाकाठ

ताई, आधी ते दुधाचं मनातून काढून टाका. दूध कमी असतं तर पहिले काही आठवडे तो छान प्यायला नसता. जन्मल्यावर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्र मोठं असलं तरी त्यातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि फुप्फुसांत नको इतकं रक्त जायला लागतं. श्वास वाढतो, लिव्हर मोठं होतं, घाम फुटतो. माझ्या मुलीचंही अगदी असंच झालं होतं. या बाळांना दूध पिणं म्हणजे जिना चढण्यासारखं आहे. चोखायचं, गिळायचं, मध्येच श्वास घ्यायचा, आणि श्वास तर आधीच धावतोय.

आम्हाला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. एक वेळचं पाजणं २० ते ३० मिनिटांत संपवायचं. तासभर पाजत बसलं तर मिळालेल्या कॅलरी पिण्याच्या कष्टातच खर्च होतात. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यायचं. आणि रडून हैराण व्हायच्या आत, तोंड हलवायला लागला की लगेच छातीशी घ्यायचं, कारण रडण्यातच त्याची निम्मी ताकद जाते.

नळीला घाबरू नका. आम्ही जेवढं ती तोंडाने घेईल तेवढं पाजायचो आणि उरलेलं काढलेलं दूध नळीने द्यायचो. सिरिंजचा दट्ट्या काढून ती बाळापेक्षा थोडी वर धरायची, दूध आपसूक उतरतं, ढकलायचं नाही. दूध उतरत असताना तिला माझ्या छातीला लावून ठेवायचे, म्हणजे चोखणं आणि पोट भरणं यांचं नातं टिकतं. ऑपरेशननंतर नळी निघाली आणि ती अंगावर पीत होती.

पारिजात_स्पीच

मी वाचा व गिळण्याची थेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबतच काम करते. वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालते.

हिशेब समजून घ्या. या बाळांना दिवसाला किलोमागे साधारण १२० ते १५० कॅलरी लागतात. तीन किलोच्या बाळाला ३६० ते ४५०. आईच्या १०० मिली दुधात ६५-७० कॅलरी असतात, म्हणजे अर्धा लिटरहून जास्त दूध पोटात जायला हवं. दमणाऱ्या बाळाला ते झेपत नाही, आणि हृदयावर ताण नको म्हणून डॉक्टर कधी कधी एकूण द्रवही मोजून देतात. म्हणून दूध कॅलरीने दाट करावं लागतं: काढलेल्या दुधात आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेली पावडर किंवा एमसीटी तेल (सहज पचणारं खास तेल). प्रमाण स्वतः ठरवू नका, जुलाब आणि क्षारांची गडबड होते. पेजेने तर उलटं होतं: पोट भरतं आणि कॅलरी दुधापेक्षा कमी मिळतात. सहा महिन्यांआधी ती नकोच. गुटी बरेचदा मधात उगाळतात. मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो. शिवाय धाप लागलेल्या बाळाच्या तोंडात चाटण घालणं धोक्याचं आहे.

बाटली देणार असाल तर कमी धारेचं निपल घ्या. बाळाला कुशीवर, डोकं वर राहील असं मांडीवर घ्या आणि तीन-चार घोटांनंतर बाटली खाली झुकवून त्याला श्वास घेऊ द्या. बोंडल्याने पाजताना धार घशात ओतली जाणार नाही याची काळजी घ्या. ओठाशी टेकवा, त्याला स्वतः घेऊ द्या.

आता गिळण्याचं. पिताना ठसका, डोळ्यांत पाणी, ओठांचा रंग बदलणं, प्यायल्यावर घशात घुरघुर, वारंवार छातीत कफ, यांतलं काही असेल तर दूध श्वासनलिकेत जातंय का ते तपासावं लागतं. काही बाळांना ठसकासुद्धा लागत नाही, म्हणून शंका असेल तर क्ष-किरणांखाली गिळण्याची तपासणी किंवा नाकातून बारीक दुर्बीण. त्याआधी दूध घट्ट करायची पावडर वापरू नका.

निळीशाई

बाबा लिहितोय. आमच्या मुलाचं महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतर त्याचं रडणं घोगरं, जवळजवळ बिनआवाजी झालं. नर्स म्हणाली घशात नळी होती त्यामुळे असेल. ते खरंही असतं, पण त्याचं बरंच दिवस टिकलं आणि दूध प्यायला की घुरघुर यायची. कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं तर डाव्या बाजूचा स्वरतंतू हलत नव्हता. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेत परत गळ्याकडे जाते, त्यामुळे कमानीच्या किंवा पीडीएच्या (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद न झालेली वाहिनी) ऑपरेशनमध्ये तिला इजा होऊ शकते. स्वरतंतू नीट मिटत नाही म्हणून दूध चुकीच्या वाटेला जातं. थेरपी आणि नळी दोन्ही चालू ठेवलं. आज तो पोळी-भाजी खातो.

रानजाई, तुमच्या बाळाचं ऑपरेशन वेगळं आहे. पण झाल्यावर आवाज बदलला तर तपासणी मागून घ्याच. इथे वाचणाऱ्या इतरांनाही हेच सांगणं आहे.

सह्याद्री_नर्स

कराड म्हणजे सातारा जिल्हा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे बाळाची नोंद करून घ्या, अंगणवाडी ताई किंवा आशा ताई जोडून देतील. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपिस्टची चौकशी करा. याच कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा खर्च भागू शकतो. खारघरच्या सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात.

एक गोष्ट हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. औषधं आणि दाट दूध देऊनही वजन वाढत नसेल तर ते न वाढणं हेच ऑपरेशन लवकर करण्याचं कारण असू शकतं. वजनाची वाट पाहत महिने घालवू नका.

नळी घरी असेल तर प्रत्येक वेळी दूध द्यायच्या आधी नाकाशी केलेली खूण जागेवर आहे का पाहा आणि पोटातलं थोडं पाणी ओढून, शिकवल्याप्रमाणे आम्लता दाखवणाऱ्या (पीएच) कागदावर तपासा. जरा जरी शंका आली तर दूध घालायचं नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून आत्ता झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ६८ आले. सकाळपासून लंगोटही कमी ओले झाले आहेत.

सह्याद्री_नर्स

ताई, उद्यावर ढकलू नका. या वयात शांत झोपेत ६० च्या वर श्वास म्हणजे जास्तच, त्यात लघवीही कमी. आत्ता डॉक्टरांना फोन करा आणि हेच दोन आकडे सांगा. फोन लागला नाही तर सरळ घेऊन जा. तोपर्यंत तोंडाने पाजायचा आग्रह धरू नका. ओठ निळसर दिसले, कण्हायला लागला किंवा उठवूनही सुस्त राहिला तर १०८ ला फोन करा.

शक्य झालं तर जाताना एक मिनिटाचा व्हिडिओ काढा: झबलं वर केलेलं, छाती आणि पोट दिसतंय, आवाज चालू. सोबत औषधांच्या बाटल्या आणि वजनाचं कार्ड घ्या.