मामाची जुनी एफसी पिकअप घरच्या पार्किंगमध्ये करायला घेतलीये, आधी हात कुठे घालू?

गॅरेजवाला_भाचा:
नमस्कार मंडळी. सासवडजवळ मामाच्या शेतात महिंद्राची एफसी-१५० पिकअप (एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, केबिन इंजिनाच्या वरच) गेली सतरा-अठरा वर्षं चिंचेखाली उभी होती. मामा मागच्या वर्षी गेला, मामी म्हणाली भंगारवाला दोनदा येऊन गेलाय, तुला न्यायची तर आत्ता ने. मग काय, टोइंगवाल्याच्या गाडीवर टाकून पुण्यात सहकारनगरला बंगल्याच्या पार्किंगमध्ये आणली. आरसी १९७१ची, मूळ पेट्रोल इंजिन जागेवर आहे, पुलीला पाना लावला तर अर्धा फेरा फिरतं आणि अडकतं. हौद्याचा तळ पूर्ण सडलाय, त्यावर मामाने कधीतरी बाभळीच्या फळ्या ठोकल्यात, ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते आणि एका हेडलाइटच्या वाटीत गांधीलमाशांचं पोळं होतं (होतं म्हणजे आता नाही, माझा कान अजून सुजलेला आहे).

मी सॉफ्टवेअरवाला, पण पत्र्याचं काम थोडंफार शिकलोय, सीओटू वेल्डिंग मशीन घेतलंय. डोक्यात त्या अमेरिकन शेवरोले ३१०० पिकअप बसल्यात, पन्नासच्या दशकातल्या, लोकं घरी बसून जमिनीला टेकल्यासारख्या खाली बसवतात, हौद्यात लाकडी पट्ट्या आणि मधे स्टीलच्या पट्ट्या, तसं काहीतरी करायचंय. प्लॅन असा: बोलेरोचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, चार इंच खाली, सागवानी हौदा. बजेट चार लाख, फक्त शनिवार-रविवार. घरून सांगितलंय गणपतीपर्यंत पार्किंग मोकळं पाहिजे, कोणत्या वर्षीचे गणपती ते मी विचारलं नाही.

कागद_काका:
आधी अभिनंदन, भंगारात जाऊ दिली नाहीत ते फार चांगलं केलंत. आता ग्राइंडर खाली ठेवा आणि आरसी हातात घ्या. आरसी मामांच्या नावावर असणार, ते गेलेत, म्हणजे फॉर्म ३१ने आधी वारसाच्या नावावर, बहुतेक मामींच्या, आणि मग मामींकडून तुमच्याकडे साधी ट्रान्सफर. दुसरं, नोंद मालवाहू म्हणून आहे का खासगी हे बघा, शेतातल्या पिकअप बऱ्याचदा मालवाहू असतात आणि तसं असेल तर फिटनेस, थकलेला टॅक्स सगळं निघणार.

डिझेल इंजिनाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये सरळ सांगितलंय की कंपनीने मुळात जे दिलं आणि आरसीत जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल चालणार नाही. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल, शिवाय पत्रा कापून आकार बदललेला, अशी गाडी संगमवाडीला आरटीओत कोण पास करणार? आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतील.

अजून एक वाट आहे. २०२१पासून ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते. तुमची १९७१ची, म्हणजे वयात बसते. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठी ढवळाढवळ केलेली नको आणि रोज भाजी आणायला ती वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. म्हणजे आधी ठरवा तुम्हाला कस्टम पाहिजे का व्हिंटेज, दोन्ही एकत्र मिळत नाही. कापल्यावर ठरवलंत तर ठरवायला काही उरतच नाही.

नवीन_घ्या_ना:
चार लाखात सेकंडहँड बोलेरो पिकअप येते की राव. एसी पण बसवून मिळेल.

पत्र्याचा_माणूस:
वरच्यांना कोणीतरी चहा पाजा.
भाचेसाहेब, भोसरीत माझं छोटं शॉप आहे, दर पावसाळ्यात एकतरी अशी 'घरी उघडलेली' गाडी पोत्यांत भरून येते माझ्याकडे, बोल्ट एका डब्यात, अर्धे गायब, आणि मालकाला आठवत नाही कुठलं ब्रॅकेट कुठलं. म्हणून फोटो काढा, पिशवीत नट-बोल्ट, पिशवीवर मार्करने नाव. कंटाळवाणं आहे, पण करा.

पायाखालचा पत्रा सडलाय म्हणालात, तो दोन्ही बाजूंचा एकदम कापू नका. आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा चौकोनी पाइप वेल्डिंगचा टाका मारून पक्का करा, नाहीतर खालचा आधार गेला की केबिन दोन-चार मिलिमीटर उघडते आणि नवा पत्रा बसवल्यावर दारं लागतच नाहीत, मग तुम्ही बिजागरीला दोष देत बसता. दार लावून, फट मोजून, खडूने लिहून ठेवायची आणि मगच कापायचं. १८ गेजचा पत्रा घ्या, वेल्डिंगची सलग रेघ ओढायची नाही, इथे एक ठिपका, तिकडे हातभर लांब एक ठिपका, गार होऊ द्यायचं, परत. सलग ओढली की पत्रा पापडासारखा लाटा मारतो आणि मग त्यावर पुट्टीचे थर. मोठ्या सपाट पत्र्याला सँडब्लास्टिंग पण नको, तोही वाकतो, तिथे वायरब्रश आणि पेंट रिमूव्हर. पेट्रोलची टाकी मात्र आधी काढून गेटच्या बाहेर ठेवा, 'रिकामी आहे' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, पेट्रोलपेक्षा वाफ वाईट.

जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. केबिन उचलायला चेन ब्लॉक स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला टांगू नका (हसू नका, बघितलंय मी), मांडववाल्याकडून पाइपांचा सांगाडा दोन दिवस भाड्याने मिळतो. रंग पावसाळ्यात नको, एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट दमट हवेत पांढुरका पडतो. आणि सागवान भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन स्वतः निवडा, वाळलेला आहे का बघून, ओल्या फळ्या वर्षभरात फटी सोडतात. हौदा आणि फाळका कितीही नटवा, ते सगळं बोल्टवर आहे, उद्या काढता येतं. हौस तिथे करा.

हरिकेन_१३४:
इंजिन अडकलंय म्हणून टाकू नका हो, जोर पण लावू नका. हे एफ-हेड इंजिन आहे, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इतकी वर्षं उभं राहिलं की एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच राहतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं ओता, आठवडाभर विसरा. मग ब्लॉकच्या बाजूचं टॅपेट कव्हर उघडून पुली हळू मागेपुढे हलवा, कुठला खाली येत नाही ते डोळ्याने दिसतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, लिहून ठेवा.

पेट्रोलचं लक्षात घ्या, शिसं २०००मध्येच गेलं, आता वर २० टक्के इथेनॉल, सगळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणारेच टाका, नाहीतर दोन महिन्यांत पाइप मऊ होऊन कार्ब्युरेटरमध्ये काळा चुरा जातो. माझा गेला.

आणि चार इंच खाली? पुढे अख्खा लाइव्ह एक्सल आहे, दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा, आपल्या खड्ड्यात तो वर येऊन आपटणार. एफसीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त ८१ इंच, इंजिन आणि माणसं सगळी पुढे, रिकाम्या हौद्याने जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात. त्यात या जुन्या ब्रेकला एकच सर्किट, एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही गेले. माझं मत विचाराल तर पहिले पैसे तिथे, मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, होज, सगळं नवीन. नाना पेठेत फिरा, जुना नमुना हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगितलं तर दुकानदार मेजर जीपचं काहीतरी देतो आणि ते बसत नाही. डिझेल इंजिन टाकलंत तर तो थडथडाट तुमच्या आणि बायकोच्या सीटच्या मधोमध असणार आहे, हा एक मुद्दा घरी मांडून बघा.

गॅरेजवाला_भाचा:
मांडला. डिझेल रद्द. खाली बसवणं पण रद्द.
सगळ्यांचे आभार, काल ग्राइंडरला हात न लावता फक्त कागद काढले. मग चेसिस नंबर शोधायला बसलो, रॉकेल लावून फडक्याने तासभर घासलं, मातीखाली ग्रीस, ग्रीसखाली कुठल्यातरी जमान्यातला निळा रंग, आणि शेवटी नंबर दिसला. आरटीओला देतात तशी कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढली, तर आरसीवर जिथे ३ आहे तिथे चेसिसवर चक्क ८. आरसी हाताने लिहिलेली आहे, कारकुनाने चुकून लिहिलं असेल. कागद_काका, मामींच्या नावावर करण्याआधी हे दुरुस्त करून घ्यायचं का नंतर?

कागद_काका:
आधी. आणि अजून दोन प्रिंट काढून ठेवा, एक तिथे नक्की हरवतील.